उंबऱ्यावर सोडवलेली गणितं

गुरुजींनी माझा दंड धरून मला स्लॅबच्या खोलीत ओढलं आणि दार लावून घेतलं. कडी वाजली. मी पाटी छातीशी धरून उभी. समोर हुशार मुलांची ओळ बसलेली. गुरुजींनी फळ्यावर एक उदाहरण लिहिलं आणि म्हणाले, "हं. बाहेरून खिडकीतून उत्तरं देतेस ना? आता आत सोडवून दाखव."

उदाहरण मला येत होतं. एसटीत चढणाऱ्या-उतरणाऱ्या माणसांचं होतं, मधल्या थांब्यावर निम्मी माणसं उतरत होती. पण मला फळा दिसतच नव्हता. मी वर बघत होते, स्लॅबकडे. तेवढ्यात पहिल्या रांगेतल्या, माझे वडील ज्याच्या शेतावर राबायचे त्या मालकाच्या पोरानं पाय आपटायला सुरुवात केली. मग बाकीच्यांनी. सगळ्यांनी मिळून फरशीवर पाय आपटले. खोली घुमायला लागली.

"आला! भूकंप आला!" पोरं ओरडली.

मी किंचाळले. दाराकडे धावले. कडी वर होती, हात पोचेना. पाटी पडली, फुटली. मी दारावर थापा मारत होते आणि माझ्या पायांवरून ऊन ऊन पाणी खाली गेलं. पोरं हसली. गुरुजी हसले. हसता हसता डोळे पुसत म्हणाले, "बघा! ही म्हणे स्कॉलरशिपला बसणार. अरे, आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?"

मग त्यांनी मला खालची फरशी पुसायला लावली. फडकं दिलं नाही. मी माझ्याच परकरानं पुसली. त्यानंतर दार उघडलं.

मी चौथीत होते. किल्लारीच्या पट्ट्यातलं आमचं गाव. त्याच्या दोन वर्षं आधी गणपती बोळवून लोक दमून झोपले होते आणि पहाटे गाव खाली आलं. आमची दगडामातीची घरं, डोक्यावर मातीचं माळवद. मी आजी आणि धाकट्या बहिणीच्या मधे झोपले होते. त्या दोघी गेल्या. मी राहिले. मला ओढून काढलं तेव्हा तोंडात माती होती, ती चव अजून मधूनच येते. तेव्हापासून मला डोक्यावर जड छत सहन होत नसे. पत्रा चालायचा. पत्रा पडला तर माणूस वाचतं, एवढं आमच्या गावातल्या शेंबड्या पोरालाही कळत होतं. मी दाराशी जेवायची, दाराशी झोपायची.

भूकंपानं पाडताना कुणाचं तोंड बघितलं नाही. बांधताना मात्र सातबारा बघितला. ज्याची जमीन जास्त, त्याचं नवं घर मोठं. आम्हाला जमीनच नव्हती. दादा, म्हणजे माझे वडील, मालकाच्या शेतावर राबायचे. आमच्या वाट्याला एक खोली आली. शाळा पत्र्याच्या शेडमध्येच भरायची, आणि शेजारी स्लॅबची एक नवी खोली बांधून झाली होती.

गुरुजी लातूरचे. रोज जीपनं यायचे. खोटं कशाला बोलू, माणूस कामचुकार नव्हता. सगळ्या पोरांना एकच धडा एकाच चालीनं शिकवून भागत नाही, हे त्यांना कळलं होतं. ज्याला पटकन येतं त्याला पुढचं, अवघड काहीतरी द्यावं लागतं, नाहीतर ते पोर कंटाळून विझतं. म्हणून त्यांनी हुशार पोरं वेगळी काढली, स्लॅबच्या खोलीत नेली आणि त्यांना वेगळी गणितं, कोडी द्यायला लागले. चौथीच्या स्कॉलरशिपची तयारी. इथवर सगळं बरोबर. पण हुशार कोण ते ठरवलं कसं? तर आत शांत बसेल तो हुशार. बोलावल्यावर खाडकन उभा राहील तो हुशार. ज्याचा बाप संध्याकाळी येऊन "आमचं पोरगं कसं काय?" विचारील तो तर फारच हुशार. मी पहिल्याच दिवशी त्या खोलीच्या दारातून परत फिरले होते. गुरुजींनी एकदाच बघितलं आणि निकाल लावून टाकला. भित्री म्हणजे ढ.

शेडमध्ये आम्ही उजळणी उतरवायचो. तेच ते पाढे. माझं सगळ्यांच्या आधी व्हायचं. गुरुजी शेडमध्ये डोकावले की मी पाटी दाखवायची.

"झालं? मग हंडा घे. पाणी भर."

हुशारीचं बक्षीस म्हणून मी शाळेचा रांजण भरत होते. हापशाची वाट स्लॅबच्या खोलीच्या खिडकीवरून जायची. जाता-येता मी फळा वाचायची. हंडा डोक्यावर आणि गणित डोक्यात. परत येईपर्यंत उत्तर तयार असायचं, आणि मला इतका आनंद व्हायचा की पाणी अंगावर सांडलेलंही कळायचं नाही. एक दिवस आत कुणालाच येईना. मालकाचं पोरगं फळ्यासमोर डोकं खाजवत उभं. माझ्या तोंडून खिडकीतून उत्तर निघून गेलं. बरोबर उत्तर. दुसऱ्या दिवशी गुरुजींनी मला दंडाला धरून आत ओढलं, ते वर सांगितलंच आहे.

त्या संध्याकाळी दादांना शेतावर सगळं कळलं होतं. ते घरात आले नाहीत. बाहेरच उकिडवे बसले.

"माय, मालकाच्या लेकराच्या म्होरं उत्तर कशाला दिलंस?"

"मला आलं म्हणून."

"आलं तरी गिळायचं. गप ऱ्हा. आपल्याला हितंच ऱ्हायचं हाय."

बोलताना ते सारखे वाटेकडे बघत होते, कुणी ऐकतंय का म्हणून. मला तोवर वाटायचं, घरात भिणारी मी एकटीच. त्या दिवशी कळलं की दादांच्याही डोक्यावर स्लॅब होता. त्यांचा स्लॅब मालक होता. आईनं फुटक्या पाटीचा मोठा तुकडा घेतला, दगडावर घासून त्याच्या कडा बोथट केल्या आणि माझ्या दप्तरात ठेवला.

रात्रभर मी ठरवत होते, शाळेत जायचंच नाही. सकाळी गेले. शेडमध्ये बसायचं म्हणजे जन्मभर रांजण भरायचा. खोलीत जायचं म्हणजे पुन्हा ती कडी. मी खोलीपाशी गेले आणि उंबऱ्यावर बसले. एक पाय आत, एक बाहेर.

उंबऱ्यावर बसू नये, हे आमच्याकडे पाळण्यातल्या लेकरालाही सांगतात. आजी तर टपली मारून उठवायची, "ऊठ गं, घरात अवदसा येती." पण मला तीच एक जागा होती. तिथून फळा दिसत होता आणि पळताही येत होतं.

गुरुजी म्हणाले, "ऊठ. उंबऱ्यावर बसतात का? आत ये, नाहीतर शेडमध्ये जा."

"न्हाई."

"काय म्हणालीस?"

"मला आत लई भ्या वाटतंय, गुरुजी. पर ही गणितं मला येतेत. मी हितंच बसते."

आयुष्यात पहिल्यांदा मी कुणाला नाही म्हटलं. गुरुजींनी दार ढकललं. ते माझ्या गुडघ्यावर आदळलं. त्यांनी पुन्हा ढकललं, जरा जोरात. कातडी निघाली. मी हलले नाही. कुणी याला धाडस म्हणू नका. माझे पायच गळाले होते, उठायचं म्हटलं तरी उठता आलं नसतं. मी भीत भीतच नाही म्हटलं. भीती जाईपर्यंत थांबले असते तर अजून रांजणच भरत बसले असते.

दार उघडं राहिलं. गुरुजी शिकवायला लागले. त्यांनी नंतर मला उठवलं नाही आणि विचारलंही नाही. माझी पाटी कधी तपासली नाही. वर्षभर मी उंबऱ्यावर बसून आतली सगळी गणितं सोडवली. पोरं मला उंबऱ्यावरची अवदसा म्हणायची आणि मुद्दाम ओलांडून जायची. ओलांडलं की लेकराची वाढ खुंटते म्हणतात. माझी खुंटली नाही.

स्कॉलरशिपला मात्र गुरुजींनी माझं नाव पाठवलंच नाही. मी विचारायला गेले तर म्हणाले, "परीक्षा काय तुझ्यासाठी उंबऱ्यावर घेतील?" मालकाचं पोरगं बसलं, पास झालं, त्याचा हार घालून सत्कार झाला. सगळी शाळा टाळ्या वाजवत होती. मी हात मागे बांधून उभी राहिले.

पुढे मी शिकले, मास्तरीण झाले. त्याच काळात लातूर पोरांच्या मार्कांवर वर आलं. गल्लोगल्ली क्लास, मजल्यांवर मजले, होस्टेलच्या पाट्या, चौकाचौकात पास झालेल्यांचे फोटो. नांदेडलाही तेच लोण गेलं. आधी बारावीची पोरं यायची, मग दहावीची. आता तिसरी-चौथीतली लेकरंसुद्धा पाखडून घेतात. जाड दाणे सुपात, बाकीचे खाली.

मी तेलंगणाच्या सीमेवर, धर्माबादकडच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत आहे. माझ्या वर्गात हुशारांची ओळ नाही. धडा एकच असतो, काम वेगळं. भागाकार घेतला की कुणी चिंचोके वाटून बघतं, कुणी पाटीवर सोडवतं, कुणाला मी सांगते की तूच असं गणित बनव जे मला येणार नाही. ज्याचं आधी होतं त्याला मी पाणी भरायला पाठवत नाही. त्याला आणखी अवघड देते. वर्गात गलका असतो. शेजारचे सर म्हणतात, मॅडमचा आठवडी बाजार भरला. भरू दे.

त्या बाजारात लक्ष्मी बसते. तिच्या घरी तेलुगू बोलतात. आई मिरचीच्या आडतीवर देठं खुडायला जाते. लक्ष्मीला मराठी समजतं, पण बोलायला ती घाबरते. गणित मात्र असं बनवते की मला खडू ठेवून खाली बसावं लागतं. मिरचीची पोती, ओली मिरची वाळल्यावर घटणारं वजन, असलं काहीबाही. आकडे मराठीत लिहिते आणि तोंडानं तेलुगूत पुटपुटते.

यंदा मुख्याध्यापक नांदेडच्या एका क्लासवाल्या सरांना घेऊन वर्गात आले. योजना चांगली होती. चांगलीच असते. शाळेतली हुशार पोरं निवडायची, नव्या खोलीत बसवायची, तिथं पंखे, प्रोजेक्टरचा पडदा, क्लासची पुस्तकं. निवड तोंडी. क्लासवाले सर एकेकाला उभं करून फटाफट विचारत होते. सरपंचाचा नातू खाडकन उभा राहिला, खाडकन बोलला. आडतवाल्याची मुलगीही तशीच. मग लक्ष्मी उठली. ओठ हलले. तेलुगूत काहीतरी आलं, मग तेही थांबलं.

"ही मुकी आहे का, मॅडम?"

पोरं हसली. मुख्याध्यापक म्हणाले, "सोडा हो तिला, सर. मिरचीवालीचं लेकरू हाय."

लक्ष्मीनं दाराकडे बघितलं. ती नजर मला पाठ आहे. माझ्या तोंडात माती आली.

"तर मॅडम," क्लासवाले सर म्हणाले, "ही निवडलेली मुलं उद्यापासून त्या खोलीत. दार लावून घ्यायचं. बाकीच्यांचा गोंगाट नको."

खरं सांगते, मी फार घाबरले. मुख्याध्यापकांच्या एका शेऱ्यावर माझी बदली किनवटच्या डोंगरात होऊ शकते. आई म्हातारी आहे, माझ्याजवळ असते. आलं तरी गिळायचं, गप ऱ्हा, असं दादा कानात सांगत होते. मी तोंड उघडलं तेव्हा मास्तरणीची भाषा गेली आणि गावची आली.

"न्हाई, सर."

"काय न्हाई?" मुख्याध्यापकांनी विचारलं.

"पोरं न्हाई देणार. अवघड गणितं हितं आणा, ह्याच वर्गात. सगळ्यांच्या म्होरं ठेवा. ज्याला येतील तो सोडवील. दार लागणार न्हाई."

मुख्याध्यापकांनी मला व्हरांड्यात नेलं. "मॅडम, तुम्ही तर लई भिणाऱ्या. आज काय झालं? बदलीचं बघा बरं का."

"आजबी भिऊनच राहिले, सर," मी म्हणाले. "पर पोरं न्हाई देणार."

क्लासवाले सर चहा न घेता गेले. मुख्याध्यापक माझ्याशी कामापुरतंच बोलतात. शेरा लिहिला असेल, ऑर्डर कधीही येईल. मला झोप लागत नाही. मी अजून दाराशीच झोपते.

दुसऱ्या दिवशी लक्ष्मी वर्गात आत आली नाही. दारातच बसली, उंबऱ्यावर. मी तिला ऊठ म्हटलं नाही, आत ये म्हटलं नाही. वर्गाला काम दिलं, सगळ्यात अवघड गणित घेतलं आणि तिच्या शेजारी जाऊन बसले. ती आधी घाबरली. मग तेलुगूत पुटपुटत सोडवायला लागली.

शाळा सुटल्यावर मी त्या नव्या खोलीत गेले. वर स्लॅब होता. दार सताड उघडं ठेवलं. दाराच्या कडीचे स्क्रू काढले आणि कडी पिशवीत टाकली. सकाळी मुख्याध्यापकांनी विचारलं, तेव्हा मीच काढली म्हणून सांगितलं. बदली करा. जिथं पाठवाल तिथली कडीही काढीन.