मालनच्या भिंतीवरची काच

नाशिकच्या आमच्या इंदिरानगरात कुणी नवं घर बांधलं, की धोंडीराम पाहायला हजर. फरशी, रंग कशाकडेही लक्ष नाही. भिंतीला तडा आहे का, तेवढंच बघायचा. पोरं त्याला 'तडामास्तर' म्हणत. शेजारी म्हणून मला पोरांचा राग यायचा, पण तो स्वतः हसायचा.

पूर्वी तो चंद्रपूरकडच्या एका कोळशाच्या खाणीत सर्व्हेला होता. खालचा कोळसा काढला की वरची जमीन आज ना उद्या खचते, आणि खोदलं असेल त्याहून लांबवर खचते. ती कुठवर खचेल याचा आधी अंदाज बांधायचा, हे त्याचं काम. तडा गेलेल्या भिंतीवर तो काचेची आडवी पट्टी पक्की चिकटवायचा. भिंत केसभर हलली तरी काच फुटते. काच फुटली की घर रिकामं करायचं.

धाकटी बहीण मालन त्याने तिथल्याच यादव नावाच्या खाणकामगाराला दिली होती. त्यांचं घर त्याच्या हिशेबाने धोक्याबाहेर होतं. तरी अठ्ठ्याहत्तर साली मागच्या भिंतीला बारीक तडा दिसला, तेव्हा त्याने काच लावली. मालनला दिवस गेले होते. ती घाबरेल म्हणून त्याने खरं सांगितलं नाही. यादवच्या पोटात काही राहत नसे, म्हणून त्यालाही नाही.

"साहेबाची काच हाय. फुटू देऊ नको, नायतर माझ्या नोकरीवर येईल," एवढंच बोलला.

मुलगी झाल्यावर तो भेटायला गेला. काच धड होती. "बिनघोर राहा," म्हणाला. त्याच आठवड्यात रात्रपाळी करून दुपारी झोपलेल्या यादववर ती भिंत पडली. मालन मुलीला घेऊन पाण्याला गेली होती, म्हणून त्या दोघी वाचल्या.

नोकरी सोडून धोंडीराम दोघींना नाशिकला घेऊन निघाला. गाडीत मालन सहज बोलून गेली, "दादा, तुझी काच तू यायच्या आदी फुटली व्हती. तुझी नोकरी जाईल म्हनून मी लगनातल्या फोटूची काच कापून लावली. तुला कळलंबी नाय."

धोंडीराम नाशिकरोड येईपर्यंत खिडकीबाहेर बघत बसला.

हे त्याने मला एकट्याला सांगितलं, कारण एकदा माझा तोल सुटला होता. मालन माझ्यादेखत म्हणाली, "याच्या हिशोबावर इसंबलो आन् मानूस घालवला." मी तोंड उघडणार, तर याने माझा गुडघा दाबला.

"चुकलाच माझा हिशोब," तो म्हणाला.

बाहेर आल्यावर, असलं ऐकून का घेतोस म्हणून मी त्याला फाडफाड बोललो. तेव्हा त्याने हे सारं सांगितलं. तो म्हणाला, "माझ्यासाठी लावली रं तिनं ती काच. आन् खोटं मीच बोललो व्हतो. आता खरं सांगितलं तर ती जगंल का?"

मालनने त्याला पुन्हा कधी ओवाळलं नाही. दर भाऊबीजेला तो अंघोळ करून, स्वतःच पाट मांडून बसायचा. ती आतून यायची नाही. दुपार झाली की तो उठायचा आणि पाट भिंतीला लावून ठेवायचा.