सुरतेहून दिसणारी ओसरी

ती घटना आठवली की आजही मी खुर्चीत स्वस्थ बसू शकत नाही. तेव्हा मी जळगावच्या सायबर ठाण्यात होतो. पिंप्राळ्यातले एक गृहस्थ तक्रार घेऊन आले. त्यांच्या मुलीचं लग्न साक्रीजवळच्या गावात ठरलं होतं आणि तिची बदनामी करणारे मेल नातेवाइकांना येत होते. बोलता बोलता ते सारखे उठून दाराशी जात.

माग काढला तर आयपी पत्ता थेट नवरदेवाच्याच घरचा निघाला. गृहस्थ लग्न मोडायला निघाले. मी कसंबसं थोपवलं.

मुलाला बोलावून जबाब घेतला. घामाघूम झाला, पण मेल मी पाठवले नाहीत हे उत्तर बदलेना. खोटं बोलणारा बहुधा फार बोलतो, हा एवढंच विचारायचा, "साहेब, ती काय म्हणते?" मला चैन पडेना. पंच घेऊन साक्रीजवळचं ते गाव गाठलं.

ओसरीवर कॅमेरा, कोपऱ्यात राउटर, त्यावर विणलेला रुमाल. मुलाचे वडील, आबा, येरझाऱ्या घालत होते. आमच्या हवालदाराने राउटरची सेटिंग उघडली. बाहेरच्यांना अडवणारी फायरवॉल बंद, राउटरचा ताबाही बाहेरून घेता येईल असा. मेल गेले त्या वेळी सुरतेहून कोणीतरी राउटरमध्ये शिरल्याची नोंद होती. मेल तिथून लिहिले, पण गेले या घरातून.

हे कोणी बसवलं, मी विचारलं. मुलाची आई, अक्का, म्हणाल्या की आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सुरतेला दिलेली लेक माहेरी आली तेव्हा जावयांनी बसवलं, आईबाप सुरतेहून दिसावेत म्हणून.

"आणि पासवर्ड?"

"त्यासनाकडेच," आबा म्हणाले. "जावईले कोन इचारस, साहेब?"

जावयाला आणलं. आधी तोऱ्यात होता. नोंद समोर ठेवताच मान खाली गेली. मेव्हण्याला, म्हणजे या नवरदेवाला, त्याने स्वतःची बहीण सुचवली होती आणि आबांनी नकार दिला होता, त्याचा हा राग. पिंप्राळ्याच्या मुलीला सगळं कळवलं. तिने निरोप धाडला, लग्न ठरल्या दिवशीच होईल.

जप्त राउटरच्या जागी नवा आला. फायरवॉल सुरू करून, बाहेरचा प्रवेश बंद करून, पासवर्ड आबांच्याच हाताने टाकून घेतला. निघालो, तर अक्का ओसरीवर कॅमेऱ्याखाली उभ्या.

"आते आम्ही लेकले कसा दिससूत?"

मी परत आत गेलो. हवालदाराकडून कॅमेरा पाहण्यापुरता, फक्त लेकीसाठी वेगळा पासवर्ड करून घेतला. वाट बंद केली की पोलिसाचं काम संपलं, असं मानणं मी त्या दिवशी सोडलं. अक्कांनी कॅमेऱ्याकडे बघून पदर सारखा केला. आपल्या नवऱ्याला पकडून देणाऱ्या त्या घराकडे लेकीने पुन्हा कधी पाहिलं का, ते मला अजून कळलेलं नाही.