चुकीच्या खणातला चमचा

वृद्धाश्रमाच्या स्वयंपाकघरात त्यांना तोंडावर सगळे तपासनीसकाका म्हणत आणि पाठीमागे संशयकाका. हे दुसरं नाव त्यांना ठाऊक होतं, आणि मनातून ते आवडतही होतं.

आश्रम ज्यू मंडळींचा. तिथे धर्माच्या नियमाने मांसाचा आणि दुधाचा कारभार पूर्ण वेगळा. लाल खुणेची भांडी मांसाची, निळ्या खुणेची दुधाची. खण वेगळे, मोरी वेगळी, पुसायची फडकीसुद्धा वेगळी. या शिस्तीवर डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवणं हे काकांचं काम. ते पीठ चाळून उजेडात धरत, भाजीचं पान न् पान किड्यासाठी उलटून बघत. कधी येतील याचा नेम नसे. पुढच्या दाराने गेले म्हणून कोणी हुश्श करावं, तर मागच्या दारात उभे.

पण संशयाची सवय काही कोटाबरोबर खुंटीला टांगता येत नाही. घरी आल्यावर शेजाऱ्याच्या खोकल्यातही त्यांना काहीतरी इशारा ऐकू यायचा. बायको म्हणायची, "तुम्ही ना, आरशात बघूनसुद्धा विचाराल, हा कोण आणि सकाळी सकाळी आपल्या घरात काय करतोय?"

सध्या त्यांची नजर स्वयंपाकीणबाईंवर होती. बाई त्यांच्या धर्माच्या नव्हत्या, पण इतकी वर्षं तिथे राबून सगळे नियम त्यांना तोंडपाठ झाले होते. त्यांच्या हातून कधी वाटी इकडची तिकडे झाली नव्हती, आणि काकांना खटकत होतं ते नेमकं हेच. इतकी वर्षं आणि एकही चूक नाही? असा माणूस एक तर देव, नाहीतर चुका लपवण्यात पटाईत. बाई देव नव्हत्या, हे त्यांच्या तोंडाच्या पट्ट्यावरून काकांना माहीत होतं.

म्हणून एका दुपारी काकांनी निळ्या खुणेचा एक चमचा गुपचूप मांसाच्या खणात ठेवला. खणांच्या किल्ल्या फक्त दोघांकडे, त्यांच्याकडे आणि बाईंकडे. बाई सरळ असतील तर चमचा दिसताच येऊन सांगतील, नसतील तर कळेलच. चमचा पातेल्याकडे निघाला तर ओरडायचं, असं ठरवून ते कोठीच्या दाराआड उभे राहिले.

बाईंनी खण उघडला. हात थबकला. त्यांनी एकदा दाराकडे बघितलं, एकदा खिडकीकडे. मग चमचा फडक्यात गुंडाळून सरळ आपल्या पिशवीत टाकला.

सापडली, काका मनात म्हणाले.

बाई सांगायला येतील म्हणून ते मागच्या दाराने व्हरांड्यात जाऊन वाट बघत राहिले. बाई आल्या, पण चहाचा कप घेऊन. "काका, बसा जरा. दमलेले दिसता. चष्म्याचा नंबर तपासलात का एवढ्यात?"

काकांनी कान टवकारले. म्हणजे हिने मला बघितलं तर! चष्म्याचं निमित्त करून सांगतेय, तुम्ही काही पाहिलं नाही म्हणा. आणि वर चहा म्हणजे लाचच की!

दुसऱ्या दिवशी आश्रमाच्या चिटणीसबाईंच्या खोलीत त्यांनी तक्रार मांडली. बाईंना बोलावलं होतं, आणि प्रार्थनास्थळाचे तरुण धर्मगुरू, रब्बीही येऊन बसले होते. चमचा मांसाच्या खणात सापडला, बाईंनी तो लपवला, एवढंच काकांनी सांगितलं. तो तिथे गेला कसा, हे गाळलं.

"हे खरं असेल तर बाई, तुम्हाला ठेवता येणार नाही," चिटणीसबाई म्हणाल्या.

बाईंनी पिशवीतून फडकं काढून टेबलावर उलगडलं. "चमचा हा. काय करायचं ते करा."

रब्बींनी विचारलं, "बाई, काल संध्याकाळी मला विचारायला आलात, ते याच चमच्याबद्दल का?"

"राहू द्या हो ते."

"कसं राहू देऊ? नोकरी जातेय तुमची." रब्बी काकांकडे वळले. "या मला विचारत होत्या, वय झालेल्या माणसाच्या हातून चमचा चुकीच्या खणात गेला तर तो शुद्ध कसा करायचा? आणि त्या माणसाची चारचौघांत शोभा न होता हे निस्तरायचं कसं? नाव विचारलं तर सांगायला तयार नाहीत."

काकांचा चेहरा तापला. वय झालेला माणूस? "माझी चूक झालेली नाही! मी तो मुद्दाम ठेवला होता!" ते ताडकन म्हणाले. बोलून गेल्यावर आपण काय बोललो ते त्यांना कळलं.

"मुद्दाम?" बाईंनी मान वर केली. "म्हाताऱ्याचा विसरभोळेपणा उघडा पडू नये म्हणून मी कालपासून जीव मुठीत धरून बसलेय, आणि तुम्ही माझ्यासाठी सापळा लावलात? उंदीर आहे का मी?"

रब्बी हळूच म्हणाले, "काका, आंधळ्याच्या वाटेत धोंडा ठेवू नये, बेसावध माणसाला फशी पाडू नये, ही आज्ञा मी तुम्हाला शिकवायची का? आणि निर्दोष माणसावर संशय घेतला तर त्याची क्षमा मागायची, वर त्याला आशीर्वादही द्यायचा. तुम्हीच प्रार्थनास्थळातल्या मुलांना शिकवत होतात हे."

काका उठले. "बाई, चुकलो मी. माफ करा."

"तुमच्यात तीनदा मागावी लागते ना माफी, समोरचा ऐकत नसेल तर?" बाईंनी फडकं झटकून त्याची घडी केली. "ही पहिली. आज नाही ऐकत मी."

चिटणीसबाईंनी हसू लपवायला रुमाल तोंडाला लावला.

दुसऱ्या खेपेला काका स्वयंपाकघरात गेले, तेव्हा बाई कांदा चिरत होत्या. "तुमच्या डोळ्यांना पाणी आलंय ते कांद्यामुळे की खरंच?" एवढं विचारून बाईंनी त्यांना परत पाठवलं.

तिसऱ्या खेपेला बाईंच्या हाताखालच्या सगळ्या बायका हजर असतील अशी वेळ काकांनी मुद्दाम निवडली. सगळ्यांसमोर चमच्याची हकीकत त्यांनी स्वतः सांगितली, काही न गाळता. मग म्हणाले, "तुमच्या हाताला यश येवो. घरात सगळ्यांना आयुष्य लाभो. आणि माझ्यासारखा माणूस पुन्हा तुमच्या वाट्याला न येवो."

"शेवटचा आशीर्वाद काही लागू पडायचा नाही, रोज तर येता," बाई म्हणाल्या आणि बायका खळखळून हसल्या. "केलं माफ. आता सरका, मटणाचं सूप उतू चाललंय."

काका सरकले. पण बाईंनी डाव उचलला तशी त्यांची नजर दांड्यावरच्या खुणेकडे गेलीच. खूण लाल होती. बाईंनी त्यांना बघताना पकडलं, तसे काका ओशाळून खिडकीकडे बघू लागले.

"बघा, बघा," बाई म्हणाल्या. "ते तर कामच आहे तुमचं."