पाळीआधीचा निर्णय

परभणीला एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होते तेव्हाची गोष्ट. माझं काम ज्वारीच्या संकरावर होतं. कणीस फुलोऱ्यात आलं की चिमट्यानं एकेका फुलातले पुंकेसर काढायचे, वर कागदी पिशवी चढवायची आणि मग सकाळच्या वेळी दुसऱ्या वाणाचे पराग त्यावर झाडायचे. हात स्थिर लागतो. आणि फुलोरा कुणासाठी थांबत नाही.

त्या हिवाळ्यात फुलोरा आणि माझे वाईट दिवस एकदमच आले. पाळीच्या आधी आठवडाभर मला काहीतरी व्हायचं. ती नुसती चिडचिड नव्हती. मेसमध्ये कुणी ताट आपटलं तरी छातीत धस्स व्हायचं. आपण कुचकामी आहोत, सगळे आपल्याला कसंबसं सहन करतायत, याची खात्रीच पटायची. एकदोनदा जगूच नये असंही वाटून गेलं होतं. विद्यापीठाच्या दवाखान्यातल्या डॉक्टरबाईंनी, हे सगळ्याच मुलींना होतं, असं सांगून रक्तवाढीच्या गोळ्या दिल्या होत्या.

त्या दुपारी प्लॉटवर माझ्या हातून एक पिशवी फाटली. शेजारच्या ओळीत माझी रूममेट काम करत होती. राहू दे, मी करते, एवढंच ती म्हणाली. मला ऐकू आलं ते वेगळंच. मी तिला नाही नाही ते बोलले, चिमटा तिथंच टाकला, होस्टेलवर येऊन बॅग भरली आणि गावाकडची, पालमची एसटी धरली.

घरी जाऊन दादांना, म्हणजे वडिलांना, सांगितलं की शिक्षण सोडलं, माझ्यानं होत नाही. ताडकळसचं एक स्थळ ते वर्षभर थोपवून होते. त्यांनी लगेच फोन लावला. परवा बघायला या, म्हणाले. मी मान डोलावली. मला तेव्हा सुटल्यासारखंच वाटलं.

पाहुणे यायच्या दिवशी पहाटे पाळी आली. अंघोळ करून बाहेर आले तोवर डोक्यावरचं ओझं उतरलं होतं, दर महिन्याला उतरायचं तसंच. पलंगावर माझ्यासाठी काढून ठेवलेली साडी दिसली आणि मी भ्याले. मुलाबद्दल माझी तक्रार नव्हती. मी होकार अगदी मनापासून दिला होता, याचीच भीती वाटत होती.

स्वयंपाकघरात जाऊन मायला सांगितलं. तिनं आधी दार लोटलं.

"मागच्या महिन्यात बी फोनवर हेच म्हणलीस," ती हळूच म्हणाली. "मग पाळी आली अन् तूच हसून बोलाय लागलीस."

तिच्या लक्षात आलं होतं. दादांना का सांगितलं नाहीस, असं विचारलं तर म्हणाली, असलं काय बापाला सांगायचं असतंय का.

मग मीच गेले. दादा अंगणात शेजारून आणलेल्या खुर्च्या पुसत होते. पाळी हा शब्द त्यांच्यासमोर मी कधी उच्चारला नव्हता.

"दादा, पाळीच्या आधी माझं डोकं माझ्या ताब्यात राहत न्हाई. परवा बोलले ते त्या दिवसातलं हाय. मला शिकायचंय."

ते तीच खुर्ची पुसत राहिले. मान वर न करता त्यांनी विचारलं, "मग आज खरं बोलायलीस, हे कशावरून?"

आठ दिवसांनी पुन्हा विचारा, तेव्हाही हेच सांगेन, एवढंच मी म्हणाले.

दादांनी येऊ नका सांगायला फोन केला, पण पाहुणे निघाले होते. ते आले. मी खोलीत बसून ऐकत होते. मुलाच्या आत्यानं विचारलं, शिकवायचंच होतं तर आम्हाला कशाला बोलावलं?

"माझीच घाई झाली," दादा म्हणाले. "चूक माझी हाय."

माझ्या तब्येतीचं त्यांनी नाव काढलं नाही. चहा पिऊन पाहुणे उठले. दुसऱ्या दिवशी मी परभणीला परतले. आठवड्यानं दादांनी फोन करून खरोखरच विचारलं. मी तेच सांगितलं.

माझी जमतील तेवढी कणसं रूममेटनं सांभाळली होती, बाकीची वाया गेली. मी माफी मागितली तरी ती काही दिवस बोलली नाही. पण मानसोपचारतज्ज्ञाकडे जायचं ठरवलं तेव्हा सोबत तीच आली. डॉक्टरांनी दोनएक महिने रोज मन कसं राहतं ते लिहून ठेवायला लावलं आणि मग सांगितलं, पाळीआधीच्या या आजाराला पीएमडीडी म्हणतात. तेवढ्या दिवसांपुरत्या गोळ्या सुरू झाल्या. माय म्हणाली, कुणाला सांगू नको. आणि दर महिन्याला फोनवर स्वतःच विचारायची, गोळी चालू केलीस का.

ते दिवस गेले नाहीत, त्यांची धार कमी झाली. शेवटची तोंडी परीक्षा नेमकी त्यातच आली. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी विचारलं, संकर इतके कमी का? माझे डोळे भरले. पाणी प्यायले. मग सांगितलं की त्या काळात मी आजारी होते, काही कणसं राहून गेली. जी झाली त्यांचेच आकडे मांडलेत. त्यांनी मान हलवली आणि पान उलटलं.

पास झाल्याचं कळलं तेव्हा मी व्हरांड्यात भिंतीला टेकून बसले होते. रूममेटनं मिठी मारली. मला काहीच वाटलं नाही. आनंद झाला तो पाळी आल्यावर, होस्टेलच्या गच्चीवर कपडे वाळत घालताना.