वाऱ्याला फसवणारे दाजी

साऱ्या बेळगावात वाऱ्याशी वैर धरलेला माणूस एकच, आणि तो नेमका माझ्या आक्काचा नवरा. खासबागेतले आमचे दाजी कारखान्यात ओतकामासाठी लाकडी साचे घडवायचे. जीव मात्र सगळा सायकलच्या शर्यतीत. तीही एकट्यानं घड्याळाविरुद्ध पळायची, वीस किलोमीटरची. ते अंतर एकदा तरी पस्तीस मिनिटांच्या आत तोडायचं, हा त्यांचा जुना ध्यास. लग्नात नवरदेवाचा फेटा पाहिला तरी म्हणायचे, शेमला जरा आखूड असता तर वारा कमी अडला असता. एका शर्यतीच्या आदल्या दिवशी मिशाच काढून आले, तेव्हा आक्कानं अर्धं दार उघडून विचारलं होतं, कोण पाहिजे म्हणून.

अठ्ठावन्नाव्या वर्षी दाजींनी स्वतःच फ्रेम बनवायला घेतली. लाकडाचा साचा कोरून त्यावर कार्बन फायबरचं कापड चढवलं. ब्रेकच्या तारा फ्रेमच्या पोटात गेल्या. नळ्या पुढून गोलसर, मागं निमुळत्या, पण ती सुंदर निमुळती शेपटी त्यांनी सरळ सपाट कापून टाकली. मी हळहळलो.

"शेपूट हायच असं वाऱ्याला वाटतंय रं," ते म्हणाले. "तसाच गुमान पुढं जातोय. फसवायचं त्येला."

मग वारा कुठं अडतो ते डोळ्यांना दिसावं म्हणून आक्काचा अर्धा विणलेला स्वेटर उसवून लोकरीचे तुकडे फ्रेमवर आणि स्वतःच्या पाठीवर चिकटवले. जांबोटीच्या रस्त्यावर दाजी सायकलवर, शेजारी मी स्कूटरवर. फ्रेमवरचे धागे शहाण्यासारखे निजलेले; पाठीवरचे मात्र पिसाळल्यासारखे फडफडत होते. फ्रेम उत्तम आहे, वारा तुम्हीच अडवताय, हे मी चाचरतच सांगितलं. दुसऱ्या दिवसापासून डोकं खांद्यांत खुपसून सराव सुरू झाला. महिन्याभरात मान धरली. डॉक्टर म्हणाले, ही एक शर्यत, मग बंद.

त्या शर्यतीत दाजी रेषा ओलांडून थांबले, पण मान काही वर येईना. समोरचं घड्याळ त्यांना दिसेना. तेव्हा आक्का भर रस्त्यात त्यांच्यापुढं उकिडवी बसली आणि खालून त्यांच्या तोंडाकडं बघत म्हणाली, "चौतीस मिनिटं बावन्न सेकंद. आलासा आत."

त्यांच्या गटात ते चौथे आले होते. ते त्यांनी विचारलंसुद्धा नाही.

पुढं ती फ्रेम त्यांनी खानापूरकडच्या एका मुलीला देऊन टाकली. यंदा शर्यत बघायला आम्ही दोघं रस्त्याकडेला उभे होतो. ती मुलगी सर्रकन समोरून गेली. फ्रेमबद्दल दाजी काही बोलतील म्हणून मी वाट पाहिली. ते वळणापर्यंत तिच्याकडंच बघत राहिले, आणि अगदी हळू म्हणाले, "मान जप गं, बाळ."