शिवणकेंद्राचा अहवाल

सरकारी खात्यांना आणि देणगीदारांना सल्ला देणं हा त्याचा व्यवसाय. कुठली समाजोपयोगी योजना खरंच चालते आणि कुठली नुसतीच पोसली जाते, हे तो तपासून सांगायचा. कामाला चोख. घरात मात्र तो धाकटाच राहिला. केस पिकले तरी ताईच्या लेखी त्याला कशातलं काही कळत नव्हतं.

ताई मुलींसाठी शिवणकेंद्र चालवायची. बाजारामागच्या इमारतीत एक लांबट खोली, भिंतीकडेने मशिनं, कोपऱ्यात चिंध्यांचं गाठोडं. पैसा खात्याचा. एके वर्षी खात्यानं अशा सगळ्याच केंद्रांची तपासणी काढली आणि ते काम त्याच्या कंपनीकडे आलं. आपल्या बहिणीचं केंद्र त्यात आहे, हे त्यानं सांगायला हवं होतं. सांगितलं नाही. कुणी परका येऊन हजेरीपट बघेल आणि फुली मारून जाईल, त्यापेक्षा आपण बरे, अशी त्यानं स्वतःची समजूत घातली. ताईला तर हायसंच वाटलं. आपला माणूस येतोय, असं तिनं मुलींनाही सांगून ठेवलं.

शिकून गेलेल्यांपैकी शिवणावर कमावणारी क्वचितच कुणी निघाली. एक मुलगी तर वर्षानुवर्षं तीच बाही जोडत आणि उसवत होती. हे कशासाठी, असं त्यानं विचारलं, तेव्हा तिनं तोंडातल्या टाचण्या काढून हातात घेतल्या.

"शिवणाला जाते म्हटलं की घरचे सोडतात. दुसरं काय सांगून बाहेर पडू?"

त्यानं अहवालात दोन्ही लिहिलं. शिवणातून रोजगार मिळत नाही हे, आणि घराबाहेर श्वास घ्यायला या मुलींना एवढी एकच जागा आहे हेही. कंपनीतल्या थोरल्या साहेबांनी दुसरा परिच्छेद उडवला. हे मोजायचं कशानं, एवढंच त्यांनी विचारलं. त्याला भांडता आलं असतं. पण बढतीचं घाटत होतं, म्हणून तो गप्प बसला.

केंद्र बंद झालं. ताई त्याच्या ऑफिसात पहिल्यांदाच आली, ती तेव्हा. मांडीवर पिशवी घेऊन पाहुण्यांच्या सोफ्यावर अवघडून बसली.

"तू लिहिलंस ते खोटं नाही," ती म्हणाली. "पण पोरी कशाला येतात, तेही तुला कळलं होतं ना? ते कुठे गेलं?"

"लिहिलं होतं गं ताई. वरच्यांनी कापलं."

"आणि तू बघत बसलास."

पाणी न पिताच ती उठली.

काही वर्षांनी वारं फिरलं. मुलींना मोकळेपणानं बसायला जागा हवी, असं आता देणगीदारच म्हणू लागले. थोरल्या साहेबांना बरोबर आठवण झाली. तुझं ते जुनं काढ बरं, म्हणाले. त्यानं काढलं, झाडलं, नव्यानं लिहिलं. त्याची वाहवा झाली, परिषदांची बोलावणी आली. पहिली जागा ताईच्याच वस्तीत व्हावी म्हणून त्यानं शब्द टाकला आणि ते सांगायला उत्साहानं तिच्याकडे गेला.

ताई मटार सोलत होती. शेवटपर्यंत ऐकून घेतलं तिनं. मग म्हणाली, "ती टाचण्यावाली आठवते? समोरच्याच इमारतीत आहे. आता खालीसुद्धा उतरू देत नाहीत तिला. खिडकीत दिसते, पण मला बघून आत जाते. तिला वाटतं, मीच बंद केलं."

"तू खरं सांग ना तिला."

"काय सांगू? माझ्या भावानं केलं म्हणून?"

नव्या जागेत दुसऱ्या मुली येतील, असं तो चाचरत म्हणाला.

"येतील की. चालवायला बाई मात्र दुसरी बघ."

बाई मिळाली. खोलीला रंग लागला, रंगीत उशा आल्या. उद्घाटनाला त्यानंच भाषण केलं आणि टाळ्याही घेतल्या. ताई दोन गल्ल्यांवर राहत होती, आली नाही.

अजूनही तो तिच्याकडे जातो. ती चहा देते, गुडघ्यांचं गाऱ्हाणं सांगते, सुनेचं कौतुक करते. त्याच्या कामाचं मात्र चुकूनही विचारत नाही, आणि आपण होऊन तो विषय काढायची त्याचीही छाती होत नाही.