दोन कंपन्यांचे एकच नाना

धुळ्यातल्या नोकरीतली ती तक्रार अजून माझ्या डोक्यातून गेलेली नाही. कापसातून सरकी काढणाऱ्या जिनिंग कारखान्यांसाठी सॉफ्टवेअर बनवणारा एक तरुण मालक पोलीस ठाण्यात आला आणि बसण्याआधीच म्हणाला, "साहेब, आमची नवी कल्पना आम्ही बाजारात आणायच्या आत जळगावची कंपनी आणते. धंदा बसला. चोर मला माहीत आहे." भडगावच्या एका मुलीने नुकतीच त्याची नोकरी सोडली होती. तिला त्याने सगळीकडे चोर ठरवून टाकलं होतं.

तक्रारदार चोराचं नाव सोबतच घेऊन आला, की मी आधी त्याला चहा पाजत असे. नाव थंड व्हायला वेळ लागतो.

मुलीला वडिलांसह बोलावलं. पुण्यात ठरलेली तिची नोकरी या बोभाट्याने अडली होती. ती रडली नाही, चांगलीच चिडली होती. "साहेब, मी सोडल्यानंतर मीटिंगमध्ये जे ठरलं, तेही जळगावला पोहोचलं. ते मी कुठून सांगणार?"

मुद्दा बिनतोड होता. मी दोन्ही मालकांना वेगवेगळं विचारलं, संचालक मंडळाच्या बैठकीला कोण कोण बसतं? दोन्हीकडे दोंडाईच्याचे तेच नाना निघाले. नाना कापसाचे जुने व्यापारी. त्यांच्या शब्दावर जिनिंगवाले सॉफ्टवेअर घेत, म्हणून दोघांनीही त्यांना संचालक केलं होतं, आणि ते दुसऱ्याकडेही संचालक आहेत हे दोघांनाही ठाऊक होतं.

"मग आधी का नाही बोललात?" मी धुळ्याच्या मालकाला विचारलं.

"नाना? ते तर घरचेच, साहेब!"

नानांनी जबाबात काहीच लपवलं नाही; दोन्ही मालकांना ते आपलीच पोरं मानत. "हां, मीच सांगं. दोन्ही मनाच पोरे शेतस. एकनी अक्कल दुसराले दिधी, त्यामा काय चोरी शे?"

मी मालकाकडे वळलो. "कापसाचा ओलावा दाखवणारी तुमची सोय, जिच्यावर तुमचा धंदा वाढला, ती कुणी सुचवली?" "नानांनी," तो म्हणाला. ती कल्पना मुळात जळगावच्या कंपनीची होती; नानांनीच ती तिथून इकडे आणली होती.

दोन कंपन्यांत संचालक असणं हा गुन्हा नाही. बाकीचं भांडण दिवाणी स्वरूपाचं, म्हणून अर्ज निकाली काढला. पण मुलीचा जबाब मी मालकाला मोठ्याने वाचायला लावला आणि माझ्यासमोर पुण्याला फोन करायला लावला. तिची नोकरी वाचली. आपल्या बडबडीपायी तिला सोसावं लागलं म्हणून नानांनी तिच्यापुढे हात जोडले. म्हणाले, "बेटा, तोंड मनं चालनं आन् भोग तुले."

आपला संशय घर सोडून गेलेल्यावर जातो. ज्याला बघून आपण उठून उभे राहतो, त्याला प्रश्न विचारणं आपल्याला उद्धटपणा वाटतं. पोलिसाने तो उद्धटपणा करावाच, नाहीतर आपल्या अदबीची शिक्षा दुसऱ्याच कुणाची तरी मुलगी भोगते.